नुसती तारीख

आमच्या ऑफिसात त्यांच्यासमोर 'उद्या' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, उद्या सकाळपर्यंत देतो, की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कुणाच्या उद्या?" हा प्रश्न त्यांनी अमेरिकेतल्या साहेबाला फोनवर विचारला, नवीन लागलेल्या मुलामुलींना विचारला, आणि एकदा चहावाल्यालाही विचारला, कारण तो म्हणाला होता की उद्यापासून चहा बंद. चहावाला म्हणाला, "माझ्या, साहेब. गावाला चाललोय." ते समाधानाने परत कामाला लागले.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात माणसं तारखा पाळत नाहीत हे जगजाहीर आहे. पण तारखांवर असा जीव टाकणारा माणूस मी एकच पाहिला.

तेव्हा आमची कंपनी नारायण पेठेत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. परदेशातली कामं नुकतीच इकडे यायला लागली होती आणि ज्याला दोन बोटांनी कीबोर्ड बडवता येतो त्याला नोकरी मिळत होती. मला मिळाली, यावरून काय ते समजा. खाली मुहूर्त टळायचा, वर डेडलाइन. अमेरिकेचा फोन लागला की नेमकी खाली मंगलाष्टकं सुरू व्हायची आणि पलीकडचा साहेब विचारायचा, तुमच्याकडे कसला दंगा झालाय का. अशा त्या ऑफिसात खिडकीशेजारच्या टेबलावर ते बसायचे. अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन, आणि समोर भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडर दरवर्षी बदलायचं, पण जुनं ते टाकत नसत. सगळी एकावर एक त्याच खिळ्याला. शेवटी खिळाच खाली आला.

ते मूळचे वर्ध्याकडचे, पण राहायला खडकीला. तिथल्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी पंधराएक वर्षं काढली होती. सरकारी नोकरी, क्वार्टर, पुढे पेन्शन, असं सगळं सोडून चाळिशी उलटल्यावर ते आमच्यासारख्या पोरखेळात आले. काहून आलात, असं त्यांना त्यांच्याच नातेवाइकांनी विचारलं होतं म्हणे. त्यांनी सांगितलं होतं की तिथे कॉम्प्युटर फक्त पगार काढायचा, मला त्याच्याशी बोलायचं होतं. नातेवाइकांनी नाद सोडला.

ऑफिसात त्यांना सगळे पाठीमागे 'पंचांग' म्हणायचे. पाठीमागे म्हणजे त्यांना ऐकू जाईल इतपत पाठीमागे. एकदा त्यांनी ते नाव ठेवणाऱ्यालाच थांबवून शांतपणे सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरी पंचांग नसतं, कॅलेंडर असतं. म्हणायचंच असेल तर कॅलेंडर म्हणा." त्यानंतर ते नाव आपोआप बंद पडलं. कॅलेंडर म्हणायची मात्र कोणाची छाती झाली नाही.

मला ते पहिल्या दिवसापासून 'अहोजाहो' करायचे. मी बावीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. मी म्हटलं, सर, मला अगं म्हणा. तर म्हणाले, "तुम्ही इथे कामाला आलाय. वयाला कोण विचारतंय इथे." पगारवाढीचा अर्धा आनंद मला तेव्हाच मिळाला.

आता त्यांचं म्हणणं काय होतं ते सांगते, कारण त्यावाचून त्यांची गोष्टच नाही. ते म्हणायचे, तारीख वेगळी आणि क्षण वेगळा. विमान सुटलं हा क्षण. तो जगात सगळीकडे एकच, फक्त प्रत्येक गावचं घड्याळ त्याला वेगळं नाव देतं. पण एखाद्याचा वाढदिवस ही तारीख. तिला घड्याळ नाही, गाव नाही. ती कॅलेंडरवरची एक चौकट आहे, बस्स. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो तिला हा फरकच ठाऊक नव्हता. तुम्ही तिला बापडी जन्मतारीख द्यायची, तर ती स्वतःच्या मनाने तिला मध्यरात्रीचे बारा चिकटवायची, वर एक गावही चिकटवायची. मग ती तारीख पुण्याहून लंडनच्या कॉम्प्युटरवर गेली की झालं. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा लंडनमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. म्हणजे माणूस समुद्रापार गेला की एका दिवसाने म्हातारा.

यावर आमच्याकडे एक रामबाण उपाय होता. साडेपाच तास मिळवून टाकायचे. आपल्या अख्ख्या देशाला एकच घड्याळ, आणि ते बारा महिने जागचं हलत नाही, त्यामुळे आमची पक्की समजूत होती की जगात सगळीकडे असंच असणार. साडेपाच तासांचे सेकंद होतात एकोणीस हजार आठशे. हा आकडा आमच्या सगळ्यांच्या बोटांत बसला होता. पुण्यातल्या कुठल्याही कंपनीतला प्रोग्रॅम उघडा, कुठे ना कुठे तो आकडा सापडायचाच. आणि त्यांना त्याचा वास यायचा. कोणी तो टाइप केला की दोन मिनिटांत ते त्याच्या खुर्चीमागे उभे. बोलायचे काही नाहीत, नुसता घसा साफ करायचे. आम्ही मुकाट्याने तो खोडायचो, आणि ते जागेवर गेले की परत लिहायचो. कारण दुसरा उपायच नव्हता.

तो उपाय त्यांनी काढला, आणि तो काढायला कारण झाली एक बाई. तिला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलं नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या एका देशातली विमा कंपनी आमची गिऱ्हाईक होती. त्या देशात उन्हाळा सुरू होताना घड्याळ एक तास पुढे ढकलायची रीत होती, आणि ते ढकलायचे नेमके मध्यरात्री. म्हणजे बारा वाजायच्या ऐवजी एकदम एकच वाजायचा. त्या एका दिवशी त्या देशात मध्यरात्र नसायचीच. आणि ही बाई जन्मली होती ती अशाच एका दिवशी. तिची जन्मतारीख आमच्या प्रोग्रॅमकडे आली, प्रोग्रॅमने सवयीने तिला मध्यरात्र चिकटवायला घेतली, तर मध्यरात्र सापडेना. त्याने उत्तर पाठवलं की ही तारीख अस्तित्वात नाही. विमा कंपनीने बाईचा अर्ज परत पाठवला. बाईने पुन्हा केला. तो पुन्हा परत आला. तिचं ऑपरेशन त्या अर्जासाठी खोळंबलं होतं, आणि शेवटी तिच्या मुलाने चिडून तक्रार केली म्हणून प्रकरण आमच्यापर्यंत पोचलं.

मीटिंग भरली. आमचा मॅनेजर सातारा रस्त्याला राहणारा, सज्जन माणूस, पण त्याला दुपारच्या आत सगळं मिटवायचं असायचं. तो म्हणाला, एकच केस आहे, बाईंची तारीख एक दिवस पुढे टाका, चालून जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, मला वेगळं काही सुचत नव्हतं. ते मात्र उभे राहिले. एरवी ते मीटिंगमध्ये बसून बोलायचे.

"त्या बाईला तिच्या आईने जन्म दिलाय," ते म्हणाले. "त्या दिवशी दिला, तिथे माणसं हजर होती. आणि आपण इथे पुण्यात बसून तिला लेखी कळवतोय की तो दिवस झालाच नाही. आणि आता म्हणतोय, दुसरा घ्या."

मॅनेजर म्हणाला की मग तुम्हीच सांगा काय करायचं. ते म्हणाले, सांगत नाही, करून देतो.

पुढचा महिनाभर ते कोणाशी धड बोलले नाहीत. डबा टेबलावरच खायचे, आणि डब्यातलं तिखट बघून आम्हाला आधी वाटायचं की डोळ्यांतलं पाणी त्याचंच आहे. त्यांनी त्या भाषेसाठी तारखांची एक नवी जात तयार केली. तिला वेळ नाही, गाव नाही. वर्ष, महिना, दिवस आणि बस्स. तिच्यात तास मिळवायला गेलात तर ती सरळ नकार द्यायची. तसंच नुसत्या वेळेसाठी एक, कारण दुकान दहाला उघडतं म्हणजे कुठल्या तारखेचे दहा असं कोणी विचारत नाही. आणि खरा क्षण लागेल तिथे गावाचं नाव सांगितल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आम्ही तिला 'नुसती तारीख' म्हणायला लागलो. बाईंचा अर्ज पास झाला. ऑपरेशन झाल्याचं विमा कंपनीने दोन ओळींत कळवलं, आणि तो कागद त्यांनी आठवडाभर खिशात ठेवला होता.

हळूहळू अख्खी कंपनी 'नुसती तारीख' वापरायला लागली. एकोणीस हजार आठशे आमच्या बोटांतून गेले. त्यांचा घसाही बरा झाला.

पण त्यांचं समाधान तेवढ्यावर होईना. ते म्हणायचे की हे आपल्या एका कंपनीत असून उपयोग काय, हे भाषेतच असायला हवं. त्या भाषेत काय बदल करायचे यावर जगभरातली माणसं ई-मेलवर वाद घालायची. कोण नॉर्वेचा, कोण टोकियोचा, कोण कॅनडातला प्राध्यापक. ती पत्रं सगळ्यांना वाचायला खुली असत. ते रोज सकाळी ऑफिसात आले की आधी ती वाचायचे, आमच्या घरात बाबा पेपर वाचायचे तसे, मध्येच "अरे नाही हो" असं म्हणत. तारखांचा विषय तिथे नुकता निघाला होता आणि सगळे आंधळ्यासारखे चाचपडत होते. ते उत्तर लिहायला घ्यायचे, पानभर लिहायचे, वाचायचे आणि पुसून टाकायचे.

मी शेजारी बसायचे. एकदा न राहवून विचारलं की पाठवत का नाही. म्हणाले, परवानगी कुठे आहे अजून. नोकरीत जे बनवलं ते कंपनीचं, त्याबद्दल बाहेर बोलायचं तर कंपनीची परवानगी लागते, असं आम्ही सगळ्यांनीच लागताना सही करून दिलं होतं. फरक इतकाच की त्यांनी सही करायच्या आधी ते वाचलं होतं. मी म्हटलं, टोपणनावाने पाठवा, त्या नॉर्वेच्या माणसाला काय कळतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना कोणाचा खिसा कापायला सांगितलं होतं.

परवानगीचा अर्ज मॅनेजरने मनापासून केला. पण तोवर आम्हाला एका अमेरिकन कंपनीने विकत घेतलं होतं, आम्ही मंगल कार्यालयावरून उठून हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेलो होतो, आणि अर्ज आता तिकडच्या वकिलांकडे जायचा. वकील कळवायचे की विचार चालू आहे. दर तिमाहीला मॅनेजर आठवण करायचा, दर तिमाहीला विचार चालू असायचा. बदललेल्या वकिलाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं. ते कंटाळले नाहीत. ते म्हणायचे, वेळ आहे, ते लोकही अजून चाचपडतायत.

वेळ नव्हता, हे आमच्या लक्षात आलं ते केकमुळे.

आमच्या ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी केक यायचा. पण एक जूनला एकच मोठा केक यायचा आणि तो त्यांच्यासकट सहा-सात जण मिळून कापायचे. मला कित्येक वर्षं हा निव्वळ योगायोग वाटायचा. मी पेठेत वाढलेली. माझ्या पत्रिकेत माझी जन्मवेळ मिनिटासकट आहे आणि ते मिनिट बरोबर की चूक यावर आई आणि आत्या अजून वाद घालतात. मी त्यांना हसत विचारलं की तुम्ही सगळे जूनच्या एक तारखेलाच कसे जन्मलात. ते म्हणाले, "तुमच्यात पत्रिकेत मिनिटं असतात. आमच्यात महिनासुद्धा गुरुजींनी द्यायचा." आणि केकचा तुकडा घेऊन जागेवर गेले. मग त्या केकवाल्यांपैकी एकाने मला समजावलं की खेड्यात पोराला शाळेत घालताना तारीख कोणाला ठाऊक असते, शाळा जूनमध्ये उघडते, मास्तर एक जून लिहून मोकळे होतात.

खरी हकीकत मला त्यांच्या आईने सांगितली. बुद्धपौर्णिमेला त्यांनी आम्हा चार-पाच जणांना खडकीच्या घरी खिरीला बोलावलं होतं. आई खूप थकलेल्या, पण बोलायला खमक्या. मी मुलाचा जन्म कधीचा म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "नागपूरले दीक्षा घेऊन आलो, अन् महिन्यानं हा झाला. कापूस घरात आला होता. त्याच्यावरच निजवला याले." म्हणजे नोव्हेंबर. आणि रेकॉर्डवर त्याच वर्षीचा जून. सहा महिने मास्तरांनी वाढवले होते. का वाढवले, तेही आईंनी सांगितलं. मोठ्या मुलाला त्या शाळेत घेऊन गेल्या, तेव्हा त्याचं वय भरत नव्हतं. पुढच्या वर्षी आणा, म्हणाले. वर्षभर पोरगं रिकामं कशाला, म्हणून त्याला पाटलाच्या गुरांमागे लावलं, आणि तो परत शाळेत आलाच नाही. हा दुसरा. याला घेऊन गेल्या तेव्हा मास्तर नवीन आले होते. त्यांनी पोराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि विचारलंसुद्धा नाही. लिहून टाकलं.

हे चालू असताना ते आत कप विसळत होते. बाहेर येऊन म्हणाले, आई, खीर थंड होतेय त्यांची.

नोकरीतून निवृत्त व्हायचं वय अठ्ठावन्न, आणि ते धरायचं रेकॉर्डवरच्या तारखेवरून. म्हणजे ते मेअखेर जाणार. आणि त्याच सुमाराला तिकडच्या वकिलांनी पहिल्यांदाच धड प्रश्न विचारले होते. मॅनेजर म्हणत होता की या वर्षात परवानगी येणार, नक्की येणार. त्याने मुदतवाढ मागितली, वरून नियमात बसत नाही असं उत्तर आलं. तेव्हा मी आमच्या एचआरमधल्या मुलीला गाठलं. ती पोरगी लाख मोलाची. तिने सगळी चौकशी करून सांगितलं की आईंचं प्रतिज्ञापत्र करा, गावातल्या एका वयस्क माणसाचं करा, आमच्या कंपनीपुरती तारीख दुरुस्त करणं माझ्याकडे लागलं. नोव्हेंबरअखेरपर्यंत राहतील.

मी धावत त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, जन्मभर लोकांच्या तारखा सरळ करणारा माणूस, स्वतःची सरळ होतेय म्हटल्यावर नाचेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, नको.

मी म्हटलं, सर, ती तारीख चुकीची आहे. तुम्हाला तर माहीत आहे.

"माहीत आहे ना," ते म्हणाले. "बरोबर तारीख असती तर मी वर्षभर गुरांमागे गेलो असतो. मग कुठली शाळा अन् कुठला कॉम्प्युटर. त्या मास्तरांनी स्वतःच्या सहीनं खोटं लिहिलं, माझ्यासाठी. आता मला सहा महिने हवेत म्हणून मी कोर्टाच्या कागदावर लिहून देऊ, की मास्तर खोटारडे होते?"

मी म्हटलं, मास्तर आता आहेत तरी कुठे. ते म्हणाले, "तेच तर. असते तर विचारून केलं असतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे. मी मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने त्यांना खोलीत बसवून समजावलं, त्यांच्या मुलीने बंगलोरहून फोन करून समजावलं. आईंनी तर सांगितलं, मी अंगठा द्यायला तयार आहे. ते कोणाला रागावले नाहीत आणि कोणाचं ऐकलंही नाही. माणूस एकदा का सरळ चालायचं म्हणाला की वाटेत विहीर आली तरी सरळच जातो, असं माझी आई म्हणायची. ती हे कौतुकाने म्हणत नसे.

मेअखेरीस निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मॅनेजरला भाषणात रडू आलं आणि तो ते शिंकेवर नेऊन मोकळा झाला. ते स्वतः दोनच मिनिटं बोलले. तारखेत तास मिळवू नका, म्हणाले.

परवानगी गणपतीच्या दिवसांत आली. चांगली दोन पानी, सगळं मोकळं केलेलं. 'नुसती तारीख' जगाला द्यायला हरकत नाही, वाद घालायला हरकत नाही, मात्र कंपनीतर्फे बोलणारा माणूस कंपनीचा कर्मचारी हवा. मॅनेजरने वकिलांना विनवलं की ज्याने केलं तो माणूस नुकताच निवृत्त झालाय, त्याला अपवाद करा. उत्तर आलं की माजी कर्मचाऱ्यांना त्यांचा आधीचा करार लागू आहे. म्हणजे त्यांनी बोलायचं नाही. आम्ही कोणी बोललो तर चालेल.

कोणी म्हणजे मीच उरले. मी प्रयत्न केला. दोन पत्रं लिहिली, बरी जमली. तिसऱ्याला त्या नॉर्वेच्या माणसाने अगदी नम्रपणे विचारलं की एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर तुमची तारीख काय उत्तर देते, आणि तेच का देते. काय देते ते मी बघून सांगितलं असतं. तेच का, ते मला माहीत नव्हतं. मी खडकीला फोन केला. त्यांनी प्रश्न नीट ऐकला. मग म्हणाले, "मला सांगता येणार नाही हो. सही केलीय मी."

मी म्हटलं, सर, मी तुमच्याच कंपनीतली आहे, तुमच्याच कामाबद्दल विचारतेय. ते म्हणाले, तुम्ही आहात, मी नाही. आणि आईच्या औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. मी पुढचं पत्र लिहिलं नाही. आमचं नाव त्या वादात जसं आलं तसं गेलं, आणि ते लोक आपापसात भांडत राहिले.

बरीच वर्षं भांडले. आणि मग एके दिवशी त्या भाषेची नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात ते सगळं होतं. वेळ नसलेली तारीख, तारीख नसलेली वेळ, गावाचं नाव घेतल्याशिवाय पुढे न जाणारा क्षण. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना वाटलं, असायलाच हवं होतं की. मला दिवसभर काही सुचलं नाही. शनिवारी लॅपटॉप घेतला आणि खडकीला गेले.

आई गेल्या होत्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दार उघडलं, म्हणाल्या, बरं झालं आलात, हल्ली बोलायला कोणी नसतं. ते खिडकीशी बसले होते, केस पुरते पांढरे झालेले, पण शर्टाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. चहा आला, त्यावर साय धरली. काकूंनी खुणेनेच मला विचारलं काय आहे, मी खुणेनेच सांगितलं की नंतर सांगते. ते एकेक पान खाली सरकवत होते आणि मध्येच मान हलवत होते. एकतीस जानेवारीच्या ठिकाणी थांबले, बोटाने ओळ धरून वाचली.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं केलंय. इथे माझं जरा ढोबळ होतं."

मी म्हटलं, सर, याच्यात तुमचं नाव असायला हवं होतं.

"नावाचं काय करायचंय," ते म्हणाले. "मी रोज वाचत होतो त्यांची पत्रं. सगळी वाचली. एकदा तर सहा-सात महिने एकाच जागी अडकून बसले होते, आणि मला उत्तर येत होतं. इथे या खुर्चीत बसून मला येत होतं. मला भांडायचं होतं हो त्यांच्याशी. एवढंच पाहिजे होतं. कोणी म्हणालं असतं, तुमचं चुकतंय, मी म्हणालो असतो, नाही जी, हे बघा." एवढं त्यांना एका दमात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकू पण बघत राहिल्या.

मी म्हटलं, मग आता लिहा. आता तर सगळं उघडंच आहे, कंपनीचं गुपित राहिलंय कुठे, सही आता कोणाला आडवी येतेय. मी इथेच बसते, तुम्ही लिहा, ते लोक अजून तिथेच आहेत, चूक कळवली तर लगेच उत्तर देतात.

मान्य होतं त्यांना, ते दिसत होतं.

"पण काय लिहू?" ते म्हणाले. "काही चुकलंच नाहीये त्यांचं."

मग त्यांनी लॅपटॉप जरा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली, या वेळी फार सावकाश, ओळीखाली बोट धरून. कुठे चूक सापडते का ते शोधत होते. मी निघेपर्यंत सापडली नव्हती.